मक्याच्या मुलखातील मराठी माणूस : डॉ. पांडुरंग खानखोजे

पोटापाण्यासाठी परमुलूख जवळ करणे ही गोष्ट आपल्या सांगली-सातारा भागाला नवी नाही. विटा, खानापूर, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातील गलाई बांधव पिढ्यान्‌पिढ्या देशाच्या कानाकोपऱ्यात सोन्याचांदीच्या भट्ट्या पेटवून बसले आहेत. तमिळनाडूत गेलेला तमिळ बोलतो, केरळात गेलेला मल्याळम, बंगालमध्ये गेलेला बांगला. व्याकरणाचे पुस्तक त्यांच्यापैकी फार थोड्यांनी उघडले असेल. गिऱ्हाईक, शेजारी आणि मुलांची शाळा हेच त्यांचे गुरू. अलीकडे आपल्या धर्मग्रामांतील तरुण मंडळीही परदेशी जाऊ लागली आहेत. निघताना घरची माणसे पासपोर्टची आणि थंडीच्या कपड्यांची काळजी करतात, भाषेची मात्र फारशी कोणी करीत नाही. म्हणून या वेळी आम्ही अशा एका मराठी माणसाची जीवनकथा वाचकांपुढे ठेवीत आहोत, की ज्याने चाळिशीच्या उंबरठ्यावर स्पॅनिश भाषेच्या देशात पाऊल टाकले, त्या भाषेत अध्यापन केले, त्या देशाच्या शेतकऱ्यांचा विश्वास मिळवला आणि तीन दशके तिथे घालवली. त्यांचे नाव डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे.

खानखोजे यांचा जन्म १८८० च्या दशकात, ७ नोव्हेंबर रोजी वर्धा येथे झाला. वडील अर्ज लिहून देण्याचे काम करीत. प्राथमिक शिक्षण वर्ध्यास आणि पुढचे नागपुरास झाले. ते दिवस लोकमान्य टिळकांच्या प्रभावाचे होते. शाळकरी वयातच या मुलाच्या मनाने सशस्त्र क्रांतीचा ध्यास घेतला आणि पोलिसांची नजर घराकडे वळली. परदेशी जाऊन लष्करी शिक्षण घ्यावे हा त्यांचा बेत होता. लोकमान्यांच्या सल्ल्यानुसार विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ते जपानला गेले आणि तेथून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पोहोचले.

अमेरिकेत त्यांनी दोन विद्या एकदम मिळवल्या. कॅलिफोर्नियातील एका लष्करी विद्यालयात ते कवायत शिकले आणि ऑरेगन व वॉशिंग्टन राज्यांतील कृषी महाविद्यालयांत शेतीशास्त्र शिकले. पहिली विद्या देश सोडविण्यासाठी होती, दुसरी देश सुटल्यावर त्याला खाऊ घालण्यासाठी. पुढे पहिलीला अपयश आले आणि दुसरीने त्यांना जगवले. १९१३ मध्ये लाला हरदयाळ, सोहनसिंग भकना आदींनी गदर पक्षाची उभारणी केली, तेव्हा खानखोजे संस्थापकांपैकी एक होते. त्यांचे सहकारी विष्णू गणेश पिंगळे हे पुणे जिल्ह्यातील तळेगाव ढमढेरे गावचे. पिंगळे भारतात परतले, पकडले गेले आणि नोव्हेंबर १९१५ मध्ये लाहोरच्या तुरुंगात फासावर गेले. खानखोजे दुसऱ्या वाटेने निघाले होते. पहिल्या महायुद्धात ते तुर्कस्तानमार्गे इराणात शिरले. बलुचिस्तानच्या बाजूने हिंदुस्थानात घुसावे असा तो धाडसी आराखडा होता. तो फसला. ते जखमी झाले, इंग्रजांच्या हाती सापडले, निसटले आणि वेष पालटून भटक्या टोळ्यांमध्ये राहिले. युद्धानंतर ते बर्लिनला आले आणि १९२१ मध्ये वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय, भूपेंद्रनाथ दत्त यांच्यासह मॉस्कोलाही जाऊन आले.

हा सारा वृत्तांत आम्ही भराभर सांगितला, कारण त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. आमचे लक्ष आहे ते १९२४ सालाकडे. पिंगळ्यांसारखे मित्र फासावर गेलेले, मायदेशाचे दार इंग्रजांनी बंद केलेले, हाती पैसा नाही आणि बंदुकीचा मार्ग संपलेला. अशा वेळी माणसाने कोठे जावे? अमेरिकेतील विद्यार्थिदशेत मेक्सिकोच्या क्रांतिकारकांशी त्यांचा परिचय झाला होता. रामोन दे नेग्री हे त्यांपैकी एक. पुढे ते मेक्सिकोचे कृषिमंत्री झाले. १९१० च्या क्रांतीने मेक्सिकोतील जमीनदारीला हादरा दिला होता आणि मोठमोठ्या जहागिरी मोडून भूमिहीनांना जमिनी देण्याचे काम सुरू झाले होते. जमिनी मिळालेल्या कुळांना शेती शिकवणारी माणसे हवी होती. खानखोज्यांना अन्न हवे होते आणि आयुष्याला काही अर्थ हवा होता. ते मेक्सिकोला गेले आणि राजधानीजवळच्या चापिंगो येथील राष्ट्रीय कृषी विद्यालयात अध्यापक झाले.

चापिंगो ही मुळात एका जहागीरदाराची हवेली. तीच सरकारने ताब्यात घेऊन तिथे विद्यालय आणले होते. खानखोज्यांना वर्गात उभे राहायचे होते ते स्पॅनिशमध्ये. यापूर्वी एम. एन. रॉय हे बंगाली क्रांतिकारक १९१७ मध्ये मेक्सिकोत येऊन स्पॅनिश शिकले होते आणि त्या भाषेत त्यांनी पुस्तकही लिहिले होते. पण रॉय दोन-अडीच वर्षांत निघून गेले. खानखोजे राहिले. चळवळीपुरती भाषा वेगळी आणि संसारापुरती वेगळी. सभेत भाषण करणाऱ्याच्या चुका लोक पोटात घालतात. वर्गात मात्र वीस वर्षांची पोरे समोर बसलेली असतात, आणि अध्यापकाने क्रियापद चुकवले की त्यांना हसू आवरत नाही, हे आम्ही सेमिनरीत शिकवलेल्या प्रत्येक परदेशी फादरांच्या बाबतीत पाहिले आहे.

मराठी माणसाला स्पॅनिश कितपत अवघड? आमच्या अल्प अभ्यासावरून सांगतो, की वाटते तितकी नाही. पोर्तुगीजांनी आपल्याला दिलेले कितीतरी शब्द त्यांच्या शेजारणीकडे थोड्या फरकाने आहेत. आपण पाव म्हणतो, स्पॅनिश माणूस पान म्हणतो. आपला साबण तिथे हाबोन होतो. आपण महिन्याचा पगार घेतो आणि तिकडे पैसे चुकते करण्याला पगार असेच म्हणतात. मेजाला मेसा, चावीला यावे. पाद्री हा तर सरळ पाद्रे, आणि आपली इगर्जी म्हणजे त्यांची इग्लेसिया. तू आणि आपण असा भेद त्याही भाषेत आहे. वडीलधाऱ्याला कोणत्या शब्दाने हाक मारावी हे मराठी घरात वाढलेल्याला शिकवावे लागत नाही. इंग्रजीवर वाढलेल्याला मात्र तिथेच ठेच लागते. अडचण येते ती दुसरीकडे. आपल्या असणे या एका क्रियापदासाठी स्पॅनिशमध्ये दोन क्रियापदे आहेत. एक स्वभावतः असण्याचे आणि एक सध्यापुरते असण्याचे. मी मराठी आहे आणि मी मेक्सिकोत आहे, ही दोन वाक्ये तिथे एका क्रियापदाने होत नाहीत. परदेशी राहणाऱ्या माणसाला हा फरक व्याकरणाच्या पुस्तकाबाहेरही जाणवत असणार.

खाण्यापिण्याच्या बाबतीत मेक्सिको आपल्याला परका वाटू नये असाच आहे. तिथली तोर्तिया म्हणजे मक्याची पातळ भाकरीच. मका चुन्याच्या पाण्यात उकळतात, दगडी पाट्यावर वाटतात, हाताने थापतात आणि तव्यावर भाजतात. तोंडी लावायला घेवड्याच्या दाण्यांची उसळ आणि मिरचीचे वाटण. एवढेच कशाला, आपली मिरची, टोमॅटो आणि मका ही सारी त्याच मुलखातून गलबतांवर बसून आपल्याकडे आली. दसऱ्याला आपण दाराला बांधतो तो झेंडूही मूळचा मेक्सिकोचा. तिथे २ नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या स्मरणदिनी, कबरींवर झेंडूच्या फुलांच्या राशी घालतात आणि मृतांसाठी अन्न मांडून ठेवतात. आपल्याकडील पितृपंधरवडा पाहिलेल्या माणसाला त्याचे नवल वाटले नसेल.

असे असले तरी एक माणूस दुसऱ्या समाजात मिसळतो तो शब्दांनी किंवा भाकरीने नव्हे, तर उपयोगी पडल्याने. खानखोजे विद्यालयाच्या चार भिंतींत थांबले नाहीत. चापिंगोच्या भोवती, तेक्स्कोकोच्या परिसरात, नव्याने जमीन मिळालेले शेतकरी होते. त्यांतील पुष्कळांना अक्षरओळख नव्हती, आणि कित्येकांची मातृभाषा स्पॅनिश नसून नाहुआत्ल ही तिथल्या मूळ रहिवाशांची भाषा होती. त्यांच्यासाठी खानखोज्यांनी मुक्त कृषी शाळा काढल्या. प्रवेशासाठी अट नाही, वयाचे बंधन नाही. बी कसे निवडावे, जमीन कशी राखावी, पीक कसे पालटावे हे शेतकऱ्यालाच त्याच्या गावात शिकवायचे. ओकोपुल्को येथील अशा एका शाळेला एमिलियानो सापाता या शेतकरी पुढाऱ्याचे नाव दिले होते. इटालियन छायाचित्रकार तिना मोदोत्ती हिने या शाळांची आणि खानखोज्यांच्या मक्याची छायाचित्रे काढली आहेत. आम्हांस वाटते, त्यांचे खरे स्पॅनिश या शेतकऱ्यांपुढे तयार झाले असावे. पुस्तकी भाषा तिथे चालणार नव्हती. इंग्रजांची बंदूक चुकवीत इराणी टोळ्यांमध्ये राहिलेल्या माणसाला, कमी शब्दांत आणि जास्त हातवाऱ्यांत विश्वास कसा मिळवायचा, हे शिकवण्याची गरज नव्हती.

इथे एका विषयाकडे आम्हांला वळलेच पाहिजे. खानखोजे मेक्सिकोत स्थिरावत होते तीच वर्षे तिथल्या ख्रिस्तसभेच्या इतिहासातील अत्यंत कठीण वर्षे होत. राष्ट्राध्यक्ष काय्येस यांच्या सरकारने धर्मगुरूंवर आणि धर्मकार्यावर कडक निर्बंध घातले. त्याच्या निषेधार्थ महागुरुस्वामींनी ३१ जुलै १९२६ पासून देशभरातील सार्वजनिक उपासना थांबवली. त्या कॅथलिक देशात चर्चमध्ये मिस्सा होईनाशी झाली. खेड्यापाड्यांतील श्रद्धावंतांनी शस्त्रे उचलली आणि क्रिस्तेरो युद्ध पेटले. ते १९२९ च्या जूनमधील समेटापर्यंत चालले. येशूसंघीय फादर मिगेल प्रो यांना २३ नोव्हेंबर १९२७ रोजी मेक्सिको शहरात गोळ्या घालण्यात आल्या. १९८८ साली ख्रिस्तसभेने त्यांना धन्यवादित म्हणून घोषित केले.

ज्या सरकारने हे केले त्याच सरकारच्या विद्यालयात खानखोजे शिकवीत होते. चापिंगोच्या जहागिरीतील जुने चॅपेल सुप्रसिद्ध चित्रकार दिएगो रिवेरा यांना भित्तिचित्रांसाठी देण्यात आले. १९२४ ते १९२७ या काळात त्यांनी तिथे क्रांतीची आणि भूमीची चित्रे रंगवली. जिथे वेदी असायची त्या भिंतीवर आज मुक्त पृथ्वीचे स्त्रीरूप आहे. कलेचे जाणकार त्या दालनाची मुक्तकंठाने स्तुती करतात. पण आपण जिथे गुडघे टेकले, तिथे आता हे, या विचाराने दुखावलेली मने त्या काळी आसपासच्या गावांत असणारच, आणि आमचे मन त्यांच्या बाजूने जाते हे लपवण्याचे कारण नाही. मात्र दुसरी बाजूही तितकीच खरी. जहागिरीच्या त्या चॅपेलमध्ये मालक पुढे बसत होता आणि कूळ उपाशी होते, तेव्हा या विषमतेवर पुरेसा आवाज उठला नव्हता. पोप तेरावे लिओ यांनी श्रमिकांच्या हक्कांविषयीचे परिपत्रक १८९१ मध्येच काढले होते. ते मेक्सिकोच्या जहागिऱ्यांपर्यंत पोहोचायला फार उशीर झाला. खानखोजे या दोहोंच्या मध्ये, वावरात उभे होते. सापाताच्या नावाच्या शाळेत येणाऱ्या शेतकऱ्यांपैकी कितीतरी जण घरी ग्वादालुपे मातेच्या चित्रापुढे दिवा लावणारे असणार. मक्याच्या रोपाला कोणाचा पक्ष नसतो.

रिवेरा आणि खानखोजे यांची ओळख चापिंगोत झाली आणि तिचे मैत्रीत रूपांतर झाले. या मैत्रीची खूण मेक्सिको शहरातील शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर आहे. १९२८ च्या सुमाराच्या एका भित्तिचित्रात मेजाच्या अग्रभागी बसलेला सावळा पुरुष भाकर मोडतो आहे. भोवती स्त्रिया, पुरुष, मुले बसली आहेत आणि मागे एक स्त्री डोक्यावर फळांची टोपली घेऊन उभी आहे. हा पुरुष म्हणजे खानखोजे, असे मानले जाते. चित्राचे नाव आमची भाकर अशा अर्थाचे आहे. प्रभूच्या प्रार्थनेतील रोजच्या भाकरीची याचना ज्यांनी लहानपणापासून केली आहे, त्यांना ही मांडणी कोठून आली हे सांगायला नको. चर्चशी भांडलेल्या चित्रकाराने भाकर मोडणारा काढायचे ठरवले, तेव्हा त्याच्या हातून प्रभुभोजनाचाच मेज उतरला, आणि त्या मेजाच्या अग्रभागी त्याने वर्ध्याचा एक मराठी माणूस बसवला. त्या देशातील कोणत्याही परकीयाला यापेक्षा मोठा नागरी सन्मान मिळाला असेल असे आम्हांला वाटत नाही.

हा मान मिळाला तो मक्यामुळे. मका हे मेक्सिकोचे केवळ पीक नव्हे, ते तिथले जीवन आहे. आपल्याकडे ज्वारीचे जे स्थान, त्याहूनही वरचे. खानखोज्यांनी मका आणि तेओसिंते हे मक्याचे रानटी भावंड यांचा संकर करण्याचे प्रयोग केले. तेओसिंते तिथे शेतात तणासारखे उगवते. गबाळे दिसणारे, पण काटक. अवर्षण आणि कडाक्याची थंडी यांत टिकून राहतील अशा जाती शोधणे हा त्यांचा ध्यास होता. त्यांच्या एका प्रसिद्ध मक्याला ग्रानादा, म्हणजे डाळिंब, असे नाव पडले. एका कणसाच्या जागी बोटांसारखा कणसांचा जुडगा त्याला येई. गहू, कडधान्ये आणि रबर यांवरही त्यांनी काम केले. त्यांचे निष्कर्ष मेक्सिको सरकारने स्पॅनिशमध्ये पुस्तिकारूपाने छापले. आज सांगली जिल्ह्यात संकरित मक्याचे पीक सर्रास दिसते. ते बियाणे खानखोज्यांचे आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु कोरडवाहू शेतकऱ्यासाठी काटक बी शोधणारा हा माणूस आटपाडीच्या किंवा जतच्या रानात उभा राहिला असता, तर त्याला तिथला प्रश्न समजावून सांगावा लागला नसता, एवढे निश्चित.

१९३६ मध्ये त्यांनी जान सिंदिक या बेल्जियन युवतीशी विवाह केला. दोन मुली झाल्या. थोरलीचे नाव सावित्री ठेवले. वडील मराठी, आई बेल्जियन, अंगण मेक्सिकन. मुलांच्या कानावर कोणती भाषा आधी पडावी, हा परदेशस्थ घरांतील नेहमीचा प्रश्न या घरात चांगलाच गुंतागुंतीचा असणार.

वरवर पाहता हे सुखाने स्थिरावलेले आयुष्य होते. आतून तसे नव्हते. वर्ध्याहून निघालेल्या मुलाने घरी परत येईन असे ठरवले होते, आणि इंग्रजांचे राज्य असेपर्यंत ते दार उघडले नाही. परत येण्यासाठी त्यांनी केलेल्या अर्जाला परवानगी मिळाली नाही. आईवडिलांची सेवा करण्याची वर्षे परमुलखात गेली. अखेर देश स्वतंत्र झाला आणि दोन-तीन वर्षांच्या आत तत्कालीन मध्य प्रांताच्या सरकारने त्यांना शेतीविषयक सल्ल्यासाठी निमंत्रण दिले. चाळीसएक वर्षांनी ते मुंबईच्या विमानतळावर उतरले. तिथे अधिकाऱ्यांनी त्यांना अडवले. इंग्रजांनी तयार केलेल्या काळ्या यादीतून त्यांचे नाव काढून टाकण्याचे कोणालाही सुचले नव्हते. ज्या देशासाठी त्यांनी देश सोडला, त्याच स्वतंत्र देशाच्या दारात ते संशयित म्हणून उभे होते. मेक्सिकोत शिरताना त्यांना असे कोणी अडवले नव्हते. पुढे ओळख पटली, सुटका झाली, कामही झाले. पण या प्रसंगाचा उल्लेख केल्यावाचून त्यांची कहाणी प्रामाणिकपणे सांगता येत नाही.

१९५५ मध्ये ते कुटुंबासह कायमचे भारतात आले आणि नागपुरात राहिले. आता पारडे उलटले होते. तीस वर्षांपूर्वी त्यांनी सोसलेले नवखेपण आता पत्नीच्या आणि मुलींच्या वाट्याला आले. नागपूरचा उन्हाळा, नवी भाषा, सणवार, आप्तांच्या नजरा. पतीच्या मायदेशात परदेशी झालेल्या या बाईंविषयी आम्हांला विशेष आदर वाटतो. खानखोज्यांच्या कर्तृत्वावर लेख येतात. त्यांच्या पत्नीने पन्नाशीतल्या नागपुरात घर कसे मांडले असेल, यावर मात्र कोणी फारसे लिहीत नाही.

जानेवारी १९६७ मध्ये नागपूर येथे डॉ. खानखोजे यांचे निधन झाले. त्याच दशकात नॉर्मन बोरलॉग यांनी मेक्सिकोत तयार केलेल्या गव्हाचे बियाणे भारतात येऊन पोहोचले होते आणि पंजाबच्या शेतांत ते रुजत होते. मेक्सिकोच्या मातीत पीकसुधारणेची जी परंपरा उभी राहिली, तिच्या आरंभीच्या कामगारांत एक मराठी माणूस होता, हे त्या वेळी भारतात फारच थोड्यांना माहीत होते. त्यांच्या कन्या सावित्री साहनी यांनी पुढे वडिलांचे चरित्र इंग्रजीत लिहिले. मराठीत वीणा गवाणकर यांनी लिहिले आहे. त्यांचे ‘एक होता कार्व्हर’ आपल्या अनेक वाचकांच्या घरी असेल, त्यांनी हे पुस्तकही अवश्य मिळवावे.

सप्टेंबर २०२२ मध्ये लोकसभेचे अध्यक्ष ओम बिर्ला यांनी चापिंगोच्या कृषी विद्यापीठात डॉ. खानखोजे यांच्या पुतळ्याचे अनावरण केले. मेक्सिको शहराच्या त्या जुन्या मंत्रालयाच्या इमारतीत, सर्वांत वरच्या मजल्याच्या ओवरीत, सावळा माणूस अजून भाकर मोडतो आहे.